पिशवीवाल्या बाईंच्या घरची पिशवी

बाईंच्या दवाखान्यात औषध देण्याआधी औषधं काढून घेतली जात. नवा पेशंट आला की बाई सांगायच्या, "घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." पिशवी आली की ती टेबलावर उलटी व्हायची आणि एकेक पाकीट उचलून बाई विचारायच्या, "ही कशासाठी घेता?" निम्म्यांना उत्तर यायचं नाही. कुणाची गोळी शेजारणीने सुचवलेली, कुणाची जावयाने आणलेली. एक आजोबा तर वारलेल्या बायकोच्या उरलेल्या गोळ्या घेत होते, टाकून कशाला द्यायच्या म्हणून. लोकांनी त्यांचं नाव 'पिशवीवाल्या बाई' ठेवलं होतं आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

दर रविवारी पेपरात त्यांचा लेख यायचा. कुठलं औषध पुरती तपासणी न होता बाजारात आलं, त्याला परवानगी कुणी दिली, आणि तेव्हा सरकार कुठे झोपलं होतं. बाईंची जीभ तिखट आणि लेखणी तिच्याहून तिखट. दुखण्यावरच्या एका गोळीच्या तर त्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. ती दुखणं चटकन थांबवायची, पण रोज घेतली की मूत्रपिंडांची वाट लावायची, आणि दुकानात बिस्किटांसारखी मिळायची. बाईंनी वर्षानुवर्षं लिहून सगळ्यांना भंडावून सोडलं, तेव्हा कुठे नियम आला: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी विकायची नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने लगेच पाटी लावली. गिऱ्हाइकं हुज्जत घालायची आणि तो मुकाट्याने पाटीकडे बोट दाखवायचा.

लेखाचे पहिले वाचक म्हणजे बाईंचे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर. खरं तर लेख आधी पायांनीच लिहिला जायचा. संध्याकाळी दोघं फिरायला निघत. बाई भराभर चालत, त्याहून भराभर बोलत, आणि मास्तर शेजारून 'हं, हं' करत. घरी आल्यावर बाई लिहून काढत, मास्तर पेन्सिल घेऊन ऱ्हस्वदीर्घ बघत. जिथे बाईंचा तोल सुटला असेल तिथे समासात लिहीत, 'जरा सबुरीने.' गोळीवरचे सगळे लेख त्यांच्या हाताखालून गेले होते.

एकदा मास्तर मोजे काढत होते, तेव्हा बाईंना त्यांच्या घोट्यावर खोल वळ दिसला. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. खळगा पडला तो लवकर भरेना. रक्त तपासलं, तर मूत्रपिंडांचं काम बरंच मंदावलेलं. साखर ठीक होती, रक्तदाब जरासा चढलेला.

"गोळ्याबिळ्या काही घेत नाही ना?" रिपोर्टातून मान वर न करता बाईंनी विचारलं.

"मी कशाला घेतोय?" मास्तर म्हणाले.

मग बाईंच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. दुसऱ्यांना धीर देणाऱ्या बाईंना स्वतःला धीर देता येईना. मास्तरांशिवायचं घर कसं असेल ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या दवाखान्यासाठी बँडेज घ्यायला औषधवाल्याकडे गेल्या. त्याने बँडेजबरोबर एक पाकीटही पुढे सरकवलं. "मास्तरांची गोळी. संपत आली असेल, म्हणून काढून ठेवलीय."

तीच गोळी.

"चिठ्ठी कुठाय?" बाईंनी विचारलं.

औषधवाला गोंधळला. "तुमच्या घरचाच माणूस आल्यावर चिठ्ठी कसली मागू, मॅडम? मला वाटलं, तुम्हीच सुरू केलीय. बाकी कुणाला एक गोळी देत नाही मी. कुणालाही विचारा."

तो खोटं बोलत नव्हता. बाईंना त्याच्यावर तोंड सोडावंसं फार वाटलं, पण बोलणार काय? चिठ्ठीच्या जागी त्याने बाईंचं नाव धरलं होतं.

घरी जाताना त्यांनी मास्तरांसाठी चांगलं खरमरीत भाषण तयार केलं. दार उघडलं, तर मास्तर चहा घेऊन ओट्यापासून टेबलाकडे येत होते. एका हातात कप, दुसरा हात आधी खुर्चीच्या पाठीवर, मग टेबलाच्या कडेवर. हे असे कधीपासून चालतात, हे बाईंना आठवेना. भाषण त्यांनी बाजूला ठेवलं.

"तुमची पिशवी आणा," त्या म्हणाल्या.

मास्तरांना कळायचं ते कळलं. त्यांनी कपाटातून चष्म्याचं जुनं घर आणलं. बाईंनी ते टेबलावर उलटं केलं आणि दवाखान्यात विचारायच्या त्याच आवाजात विचारलं, "ही कशासाठी घेता?"

"गुडघे," मास्तर म्हणाले. "घेतली नाही तर संध्याकाळी तुझ्याबरोबर चालवत नाही."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर तू माझं फिरणंच बंद केलं असतंस. मग लेख कुणाला ऐकवला असतास? पाटीसमोर उभं राहून गोळी मागायला मलाही लाज वाटायची गं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "अहो, गुडघ्यांवर दुसरे उपाय असतात."

"वाचलेत मी. तुझ्याच लेखात," मास्तर म्हणाले.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. काही आठवड्यांनी सूज उतरली, नवा रिपोर्टही सुधारलेला आला. पुरता नाही, पण बाईंना रात्रीची झोप लागण्याइतका. तेव्हा कुठे त्या लिहायला बसल्या. नियम परक्या माणसाला अडवतो, ओळखीच्याला कुणी अडवत नाही, आणि घरातल्या माणसाला तर कुणी धड विचारतही नाही, असं त्यांनी लिहिलं. लेखाची सुरुवात होती: 'एका ओळखीच्या घरात घडलेली ही गोष्ट.'

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि सावकाश शेवटपर्यंत वाचलं. ऱ्हस्वदीर्घाला त्यांनी हात लावला नाही. फक्त पहिल्या ओळीतलं 'एका ओळखीच्या' खोडलं आणि वर लिहिलं, 'आमच्या'.

"असंच छापायला देऊ?" बाईंनी विचारलं.

"दे. पण आधी फिरायला चल. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत."

त्या संध्याकाळी बाई मास्तरांच्या चालीने चालल्या, आणि सगळा वेळ बोलले ते मास्तर.