दिनूची गॅरंटी

शेवाळ काढण्याच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. दोन पावसाळे गेले की तेही भिंतीला धरतात, आणि कितीही घासा, जात नाहीत!

धंदा दोघांचा. ब्रश माझा, तोंड माझ्या भागीदाराचं, दिनूचं. भिंत घासायची, ब्लीचिंगने धुवायची, वाळली की पुन्हा शेवाळ धरू नये म्हणून औषध मारायचं. मग दिनू गॅरंटी देणार! त्या एका शब्दावर आमचं पोट, आणि दर पावसाळ्यात तो शब्द खोटा पडतो.

*

सफाळ्याच्या एका रिटायर्ड गुरुजींना दिनू म्हणाला, "पाच वर्षं भिंतीकडे बघायला नको!"

दिवाळीआधीच गुरुजींचा फोन. "तुमच्या शब्दाबाहेर नाही हो मी. भिंतीकडे बघतच नाही, मागच्या दाराने जातो-येतो!"

*

सालवडला एक चाळमालक. टाकी भरली की पाणी भिंतीवरून वाहायचं. म्हटलं, "शेठ, आधी पाइप दुरुस्त करा."

"तुम्ही शेवाळाचं बोला!"

पुढच्या वर्षी गेलो तर अख्खी भिंत हिरव्या ऑइलपेंटची! एक भाडेकरू हसत म्हणाला, "सेठ ने हरा ही लगवा दिया. अब काई दिखेगी ही नहीं!"

त्या पावसाळ्यात शेवाळ काळं आलं.

*

पालघरला माझ्याच घराच्या भिंतीवर आमच्या धंद्याचा बोर्ड होता. बायकोने तो काढून कपाटामागे सारला. म्हणाली, "लोक आधी भिंत बघतात, मग बोर्ड वाचतात!"

हसलो तेव्हा. पण खरं सांगू? आता ब्रश उचलावासाच वाटत नाही. हे कधी थांबणारच नाही.

*

गेल्या महिन्यात एडवणहून हिरामावशी नावाच्या एका कोळणीचं बोलावणं आलं. तिचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर होता. दोन वर्षांपूर्वी बोट आली, तो आला नाही. दिनू बादलीत ब्लीचिंग कालवायला लागला, तर मावशी धावतच आली.

"घासू नका रं!"

भिंतीवर जाड हिरवं शेवाळ. त्यात खिळ्याने कोरलेलं नाव, 'संदीप'. पहिलं अक्षर जवळपास बुजलेलं.

"जायच्या आदी लिवलंन त्यानं," मावशी म्हणाली. "हिरवं काढायचं नाय. पन वाढूपन द्यायचं नाय. हाय ना तुमच्याकडं तसं औषद?"

मी दिनूकडे बघितलं.

"गॅरंटी देता ना तुमी?" मावशीने विचारलं.

दिनू हात धुवायला म्हणून विहिरीवर गेला, तो बराच वेळ आलाच नाही.