सारख्या भरलेल्या वाट्या

माणसं रोज एकाच टेबलावर पाणी सांडत बसली की किस्से आपोआप साचतात. पाणी तेवढं साचत नाही, ते गटारात जातं.

आमचा कारखाना नागापूरच्या एमआयडीसीत. हॉटेलांसाठी कॉफीची मशिनं बनवतो. मी आणि भानुदास टेस्टिंगला. मशिनच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यातून गरम पाणी सगळीकडे सारखं पडायला हवं. म्हणून खाली काचेच्या छोट्या वाट्यांचा ट्रे ठेवायचा, बटण दाबायचं आणि वाकून, डोळा टेबलाला लावून वाट्यांची पातळी बघायची. एखादी कमी भरली की जाळी काढा, पुन्हा बसवा, पुन्हा पाणी सोडा.

नवीन आलेल्या पूजाने विचारलं, "ह्यातली कॉफी लागते कशी?"

आम्ही सारे गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिणारे. शेवटी भानुदास म्हणाला, "कडू असती म्हनत्यात. पन सगळीकडनं सारखी कडू."

*

वाकून बघायची सवय भानुदासच्या अंगातच मुरलेली. मुलीच्या लग्नाच्या सुपारीत पाहुण्यांपुढे सरबताचे ग्लास आले, तर हा सतरंजीवर आडवा होऊन पातळी बघतोय! व्याही घाबरले, त्यांना वाटलं चक्कर आली.

त्याची बायको शांतपणे म्हणाली, "काय न्हाई झालं. ड्युटीवर हायेत."

*

भानुदासचं गाव पारनेर तालुक्यात. उन्हाळ्यात तिथे टँकर. घरात आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं एकच मागणं. "येकदा डोक्यावरनं न्हाऊ घाल रे. पुसून पुसून कातडं निघायला लागलंय."

म्हणून भानुदास टेस्टिंगचं पाणी कॅनमध्ये भरून मोटरसायकलवर घरी न्यायचा. ते स्वयंपाकात आणि तिची अंथरुणं धुण्यातच संपायचं. आंघोळ राहून जायची.

एकदा घाईत मशिन धुवायच्या आंबट पावडरचं पाणी कॅनमध्ये गेलं. बायकोने त्यात डाळ टाकली. डाळ काही शिजेना, आणि लागली आंबट. आमसूल कुणी टाकलं यावरून घरात भांडण. दुसऱ्या दिवशी भानुदासने हे हसत हसत सांगितलं, आणि आमचे सुपरवायझर शेखसाहेब मागेच उभे होते.

शेखसाहेब शहरातल्या सावेडीहून येतात, तिथे घरात नळ; माणूस वाईट नाही. पण म्हणाले, "उद्या कुणी दगावलं तर जबाबदार कोण?" त्या दिवसापासून गेटवर कॅन बंद. चांगलं पाणी आम्ही डोळ्यांदेखत गटारात सोडत राहिलो. त्याचा राग मला अजून येतो.

*

गावात टँकरवरून मारामारीची वेळ आली, तेव्हा लोकांनी पाणी वाटायचं काम भानुदासकडे दिलं. पातळी बघणारा माणूस म्हणून. हा प्रत्येक घराच्या हंड्यांपुढे वाकणार, कमी असेल तिथे ओतणार, स्वतःचे हंडे शेवटी भरणार.

मी म्हटलं, "आईसाठी एक हंडा जास्त घे की. कोण बघतंय?"

"मीच बघतोय की," तो म्हणाला. मग ट्रे पुसत बोलला, "बायको बोलत न्हाई माझ्याशी. आई रोज इचारती, आज न्हाऊ घालनार का."

*

आई गेल्याचा फोन आला. शेखसाहेबांनी गाडी काढली, आम्ही सगळे गेलो. तिला आंघोळ घालायची तयारी अंगणात चालली होती आणि टँकर आदल्या दिवशी फिरकलाच नव्हता. तरी प्रत्येक घरातून एकेक हंडा येत होता. बायका ते भिंतीकडेला ओळीने मांडत होत्या. शेखसाहेब मान खाली घालून उभे.

भानुदास उठला, ओळीपाशी गेला, गुडघे टेकून वाकत वाकत डोळा हंड्यांच्या काठाशी नेला. मला वाटलं कोसळतोय. मी धरायला धावलो.

"थांब," तो म्हणाला. "समदे काठोकाठ भरल्यात."