खिडकीसमोरचा खडक

कविता वाचण्याआधी बाई हजेरी घ्यायच्या. शाळेतल्यासारखी, एकेकाचं नाव घेऊन. श्रोते चार असोत की चाळीस, "हजर" ऐकल्याशिवाय वही उघडायची नाही. एकदा आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षच गप्प राहिले, तर बाईंनी त्यांना गैरहजर ठरवून पुढचं नाव घेतलं. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते.

हैदराबादला सुलतान बाजारजवळच्या एका शाळेत बाईंनी उभी हयात मराठी शिकवलं. मुलं कमी होत गेली आणि शेवटी मराठीचा वर्ग बंद पडला. कुणी हळहळलं की म्हणायच्या, "वर्ग बंद पडला. मी नाही."

काचीगुड्याला आमच्याच इमारतीत, मागच्या अंगाला त्यांचा फ्लॅट होता. खिडकीसमोर चार हातांवर भला मोठा खडक. हैदराबादेत असे खडक शहराच्या आधीपासून बसून आहेत, तुम्हीही पाहिले असतील. त्या खिडकीतून ना आभाळ दिसे ना रस्ता, म्हणून तो फ्लॅट कुणी घेईना. बाईंनी तोच मागून घेतला.

त्यांचे तिन्ही कवितासंग्रह त्याच खिडकीत लिहिले गेले. त्यांत नदी नाही, चांदणं नाही. भेगेतून उगवलेलं सीताफळाचं झुडूप आहे, मान हलवणारा सरडा आहे, पावसाळ्यात चढणारं शेवाळ आहे, आणि हे सगळं बघत बसलेली एकटी बाई आहे. मंडळाने 'निसर्गकन्या' म्हणून त्यांचा सत्कार केला, तेव्हा मागे धबधब्याचं चित्र लावलं होतं. बाईंनी आधी ते उतरवायला लावलं. त्यांना कुणी "एकटी आहे बिचारी" म्हटलं, तर लगेच दुरुस्ती व्हायची. "एकटी बरोबर. बिचारी खोडा."

मी इमारतीचा सेक्रेटरी. गाड्या वाढल्या, जागा पुरेना, तेव्हा खडक फोडून पार्किंग करायचं ठरलं. बाई सोडून सगळ्यांनी सह्या केल्या. मी तळमजल्यावरच्या रावगारूंना सोबत घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"बाई, आठ गाड्या मावतील," मी म्हणालो.

"गाडी दुसरी मिळते. हा दुसरा मिळेल?"

रावगारू काकुळतीला आले. "एक पत्थर के वास्ते इत्ता झगड़ा कायकू, टीचरम्मा?"

"पत्थर नक्को बोलो. पड़ोसी है मेरा."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? म्हातारी मुद्दाम अडवते आहे असंच वाटलं. त्यांच्या सहीविनाच मी कंत्राटदाराला बोलावून घेतलं.

कामगार ड्रिल मशीन घेऊन आले, तेव्हा बाई खडकाला लागून खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर वही. त्यांनी तेलुगूत प्रत्येकाचं नाव विचारलं आणि रीतसर हजेरी घेतली. कामगारांना गंमत वाटली. "हाज़िर, अम्मा," म्हणत ते सावलीत बसले. मग बाईंनी कविता वाचायला घेतल्या. मराठीत, एकामागून एक, चांगल्या खणखणीत आवाजात. कामगारांना त्यातलं एक अक्षर कळलं नसेल. मला कळत होतं, तीच पंचाईत झाली.

मला पालवी फुटत नाही
म्हणून मेलेला समजू नका.
मी हललो नाही,
एवढंच माझं जगणं.

दुपारचे बारा वाजले तरी वाचन चालूच होतं. शेवटी मीच मशीन परत पाठवलं. वही मिटताना बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सेक्रेटरी, तुमची हजेरी राहिली."

"हजर," मी म्हणालो. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. भाच्याने फ्लॅट विकला. खडक फोडायचा कागद पुन्हा निघाला. नव्या मालकांनी सही केली, रावगारूंनी केली, सगळ्यांनी केली. परवा कंत्राटदार तो कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"अब तो टीचरम्मा भी नहीं रहे," तो म्हणाला. "अब किसकी साइन बाक़ी है, साब?"

"मेरी," मी म्हणालो, आणि पेन खिशातच राहू दिलं.