झाळ्याचा बिल्ला

व्हर्लिन स्ट्राउड माफ करणाऱ्यांतली नव्हती, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. बारस्टो गावात शाळेची बस चालवण्यात तिचं आयुष्य गेलं. कुठल्या कार्ट्यानं सीटला च्युइंगम चिकटवलं ते तिला मागे न बघता कळायचं, आणि तो कार्टा मोठा होऊन पोलिसात लागला तरी रस्त्यात गाठून ती त्याला ते ऐकवायची. अशा बाईच्या नवऱ्याशी वाईट वागण्याआधी माणसानं दहादा विचार करावा. लिंडन प्रुएटनं एकदाही केला नाही.

दर सप्टेंबरअखेर मोहावीच्या वाळवंटात जळकी वस्ती उठते. जग बुडालं आणि मागे उरलो ते आपणच, असं मानून हजारो शहाणीसुरती माणसं टायरांची चिलखतं नि फाटके अंगरखे चढवून तिथे तंबू ठोकतात. दातांचे डॉक्टर, वकील, नर्स, कुणीही. फाटकाच्या आत खरं नाव उच्चारायचं नाही. इथलं नावही आपलं आपण घ्यायचं नाही, ते दुसऱ्यानं द्यायचं, आणि चामड्याच्या पट्टीवर डागून गळ्यात घालायचं. व्हर्लिनचा नवरा ऑरिन वेल्डर होता. सगळ्यांच्या मोडक्या गाड्या तोच झाळून द्यायचा, म्हणून तो झाळ्या. बसवाल्या बाईची शिट्टी तिच्या गळ्यातून कधी उतरायची नाही, म्हणून ती शिट्टी. हे नाव ऑरिननंच ठेवलेलं. आणि रेडलँड्समध्ये गाद्यांचं दुकान सांभाळणारा, गिऱ्हाइकाला ‘जरा आडवे होऊन बघा ना साहेब’ म्हणणारा लिंडन प्रुएट इथे होता जबडा. गंजक्या कोल्ह्यांच्या टोळीचा सरदार!

ऑरिन त्या टोळीत पहिल्यापासून होता. टोळीच्या कापडी बिल्ल्यावरचा कोल्हा त्यानंच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काढलेला, आणि स्वतःचा बिल्ला जाकिटाच्या पाठीवर स्वतःच्या हातानं शिवलेला. त्या कोल्ह्याचा एक कान वाकडा झाला होता. व्हर्लिन त्यावरून त्याला हसायची.

गेल्या वर्षी ऑरिनची छाती भरली. वेल्डिंगचा धूर आयुष्यभर ओढलेला, तो शेवटी वसूल झाला. पाण्याची पिंपं ओढायची पाळी आली तेव्हा तो जबड्याला एवढंच म्हणाला, “यंदा दुसऱ्या कुणाला सांग बाबा, मला धाप लागते.”

झालं. जबड्याला निमित्तच हवं होतं. त्या वर्षी कुणीतरी कॅमेरा घेऊन आलेला, त्याच्यासमोर काहीतरी जोरदार करून दाखवायचं होतं. वस्तीत दर शनिवारी दुपारी टायरांच्या ढिगाखाली कचेरी भरते. कुणीही कुणावर काहीही आरोप करावा, बघ्यांनी डबे बडवून निकाल द्यावा, आणि गुन्हेगारानं थंडगार घेवडा डब्यातून खावा नाहीतर गळ्यात बाहुलीचं मुंडकं बांधून फिरावं. सगळी मजा. जबड्यानं तिथे ऑरिनला उभं केलं आणि ओरडला, “हा पाणचोर आहे! टोळीचं पितो आणि टोळीसाठी ओढत नाही!” लोकांनी डबे बडवले. ऑरिनही हसत होता. पाठीवर कात्री चालायला लागली तरी तो हसतच होता.

पण बिल्ला खरोखर कापला गेला. हाकललेल्याचा बिल्ला सरदाराच्या अंगरख्यावर चढतो, तसा तो चढला. पाठीला भोक पडलेलं जाकीट घालून ऑरिन टोळीच्या तंबूत गेला, तर त्याची पथारी बाहेर काढून ठेवलेली. एकानंही मान वर केली नाही. घरी परतताना त्यानं जाकीट मांडीवर घेऊन त्या भोकात बोटं घातली. मग म्हणाला, “व्हर्ली, तो खेळच होता ना गं?”

व्हर्लिननं गाडीचा वेग वाढवला. त्या प्रश्नाचा राग तिच्या पोटात तेव्हापासून होता.

जानेवारीत तो दवाखान्यात पडला. ‘मला जाळाल तेव्हा माझा कोल्हा बरोबर असू दे,’ एवढंच त्यानं मागितलं. व्हर्लिननं आजवर कुणापुढे नाक घासलं नव्हतं, पण त्या दिवशी तिनं गाद्यांच्या दुकानात फोन लावला.

लिंडन प्रुएट अगदी गोड आवाजात म्हणाला, “हे बघा मिसेस स्ट्राउड, वाईट वाटतं ऐकून. पण ते सगळं तिथलं हो. तो बिल्ला जबड्याचा, माझा नाही. मी इथे दुकानात आहे.”

ऑरिन बिल्ल्यावाचून गेला. व्हर्लिननं फोन त्या दिवशी खाली ठेवला, राग मात्र ठेवला नाही.

या सप्टेंबरला ती एकटी आली. फाटकावर कपडे तपासायला चिंधी होती, तिची जुनी मैत्रीण. नवेकोरे कपडे घालून आलेल्या दोन पोरांना ती झापत होती, “हे काय, जग बुडालंय की सेल लागलाय? जा, वाळूत लोळून या!” मग तिचं लक्ष व्हर्लिनच्या अंगावरच्या चामडी पेहरावाकडे गेलं. “अगं शिट्टे, काय जळकं काम केलंयस! हे डाग कशानं पाडलेस?”

“पाडले नाहीत, पडलेत. ऑरिनचा एप्रन आहे हा.” चिंधीचं तोंड उतरलं. आणि आपण खरं नाव घेतलं, हे व्हर्लिनच्या लक्षात आलं.

“मी ऐकलं नाही हं,” चिंधी हळूच म्हणाली. “दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर पट्टी जाळून सूर्य मावळायच्या आत हाकललं असतं. कायमचं. जपून बाई.”

“माहीत आहे मला,” व्हर्लिन म्हणाली. नियम तिला चांगला माहीत होता. त्यावरच तर तिची सगळी भिस्त होती.

शनिवारी कचेरी भरली. डांबर नावाचा जाडजूड न्यायाधीश जळक्या बसच्या टपावर बसला होता. व्हर्लिननं पुढे होऊन शिट्टी फुंकली. “माझा आरोप जबड्यावर! यानं मेलेल्या माणसाची वस्तू अंगावर मिरवली आहे!”

लोकांना तर पर्वणीच. डबे असे वाजले की कान किटले. जबडा छाती काढून आला. अंगरख्यावर सात-आठ बिल्ले, त्यांत एका कोल्ह्याचा कान वाकडा.

“शिक्षा काय गं आजी?” डांबरनं विचारलं.

“याच्या अंगावरचा एक बिल्ला मी माझ्या हातानं कापणार.”

पुन्हा डबे. जबडा नाटकीपणानं गुडघ्यावर बसला. “काप म्हातारे! हात मात्र थरथरू देऊ नकोस!” असं म्हणून तो खदाखदा हसला, आणि त्याच्याबरोबर सगळी वस्ती.

तिनं कात्री लावली. घाई केली नाही. ऑरिन जेवढा हसला होता तेवढं तिनं यालाही हसू दिलं. अर्धा बिल्ला सुटला तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, “लिंडन प्रुएट.”

डबे थांबले.

“रेडलँड्सचा गादीवाला लिंडन प्रुएट,” ती म्हणाली. “माझा नवरा ऑरिन स्ट्राउड मरताना हा बिल्ला मागत होता. तू फोनवर म्हणालास, तो जबड्याचा आहे, माझा नाही. आता सांग सगळ्यांना. इथे कोण बसलंय? माझ्या माणसाला बाहेरचा रस्ता कुणी दाखवला? जबड्यानं की तू?”

त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं होतं, आणि ते आवरावं कसं ते त्याला कळेना. त्यानं टोळीकडे बघितलं. आज त्याच्यासाठीही कुणी मान वर केली नाही. व्हर्लिनला ते बघून आनंद झाला. तो आनंद तिनं लपवला नाही.

“मी,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं.”

“मी केलं.”

तिनं उरलेला टाका कापला. डांबर टपावरून उतरला. “शिट्टे, नियम तुला...”

“मला शिकवू नकोस,” ती म्हणाली. गळ्यातली चामडी पट्टी तिनं स्वतःच तोडली. ऑरिननं डागून दिलेली अक्षरं तिनं एकदा अंगठ्यानं चाचपली, पट्टी वाकड्या कानाच्या कोल्ह्यात गुंडाळली आणि दोन्ही शेजारच्या पेटत्या पिंपात टाकली. पुरतं जळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. तोवर बाकीचेही हलले नाहीत.

मग ती फाटकाबाहेर आली. गाडीचं दार उघडत होती, तेवढ्यात मागून कुणी धापा टाकत आलं. लिंडन प्रुएट. अंगरख्याला छातीवर भोक, तोंडावरच्या काजळाचे ओघळ झालेले.

“शिट्टी,” तो म्हणाला, “माझं चुकलं गं. खरंच चुकलं. एकदा माफ कर म्हण, शिट्टी...”

व्हर्लिननं आरसा नीट केला, पट्टा लावला आणि काच अर्धी खाली घेतली.

“ती तिथली हो,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली. “मी इथे गाडीत आहे.”

आणि तिनं काच वर केली.