ऐकू येणारा एकच कान

भूल देण्याआधी शेवटचं बघावं म्हणून महादेवच्या कानात एंडोस्कोप घातला, तर स्क्रीनवर नुसतं पिवळं तेल. त्यात लसणाचा जळका कण. माझं डोकंच फिरलं.

महादेव युसूफ वडगाव या गावचा, शेळ्या राखणारा. पोरवयापासून बारा महिने विहिरीत पोहलेला. वर्षानुवर्षं गार पाणी कानात गेलं की आतलं हाड वाढतं. त्याच्या डाव्या कानात पडद्यापर्यंत अशा तीन गाठी होत्या. उजवा कान लहानपणीच गेलेला. आता मागून येणारा ट्रॅक्टरही ऐकू येईना. माझा हात चुकला तर माणूस ठार बहिरा.

सीनियर म्हणाले होते, "एकुलता कान आहे. पुण्याला पाठव. कशाला विकतचं दुखणं?"

"शेळ्या सोडून तो पुण्याला जाणार नाही, सर. मी करते."

एंडोस्कोप म्हणजे पेनच्या रिफिलएवढी दुर्बीण. कानामागे चिरा नको, सगळं कानाच्या भोकातून. पण डाव्या हातात दुर्बीण, म्हणून बाकी सगळं एकट्या उजव्या हातानं. त्यात तेल म्हणजे कल्याणच.

बाहेर त्याची बायको सीताबाई बसल्या होत्या.

"कानात तेल कुणी घातलं?"

"म्या. हाड वाढलंय म्हणलात ना? जरा मऊ पडंल म्हणलं. तुमालाच सोपं."

रागवावं की हसावं कळेना. कान साफ करून ऑपरेशन पुढं ढकललं.

"देवानंच इशारा दिला, सोड आता," सीनियर म्हणाले.

"देवानं नाही सर, सीताबाईंनी. मंगळवारी करणार."

मंगळवारी केलं. कातडी अलगद बाजूला सारून दोन गाठी ड्रिलनं झिजवल्या. तिसरी पडद्याला अगदी खेटून. तिथं ड्रिल बंद केलं आणि हातानं खरवडत कण कण काढली. मान आखडली, पण हात हलू दिला नाही.

दहा दिवसांनी कानातली पट्टी काढली. सीताबाई सवयीनं ओरडल्या, "अवं, ऐकू येतंय का?"

महादेव दचकला. "वरडू नको की. लई जोरात यायलंय."

सीताबाईंनी तोंडाला पदर लावला. माझेही डोळे भरून आले.

तेलाचा दोष मात्र माझा. उपाशी राहा हे तीनदा बजावलं होतं, कानात काही घालू नका हे एकदाही नाही. आपल्याकडे कानाला काही झालं की आधी तेल, मग डॉक्टर. मी इथलीच आहे. माझ्या आईनंही माझ्या कानात तेच घातलं होतं.