पहिला नंबर रिकामा

दोन हजार पंचवीस साल. माझं वय अठ्ठ्याहत्तर. सौसरहून शालिकच्या मुलीचा फोन आला, "काकाजी, बाबा गेले." मी धोतर बदललं आणि एकटाच बसमध्ये बसलो. रस्ताभर एकच घोकत होतो... आता सांगायचं कोणाला?

मी चौथी नापास माणूस. पण मशीन मी चालवली तशी या पट्ट्यात कोणी चालवली नाही, हे आजही छाती ठोकून सांगतो. मी पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर, शालिक सौसरच्या. एका विलायती हेराचे सिनेमे तेव्हा एकामागून एक येत. गोष्ट तीच, मारामारी तीच. पण सुरुवातीला नावं पडताना जो खेळ चाले, रंग, धूर, बायांच्या सावल्या, मागून गाणं, तो दर वेळी नवा. आमचा जीव त्या तीन मिनिटांत. प्रिंट दोन्ही गावांत एकच. आठवडाभर माझ्याकडे चाले, मग रिळांची पेटी बसच्या टपावरून सौसरला जाई. दर सिनेमाच्या नावांना आम्ही नंबर लावत असू. मी पेटीत चिठ्ठी टाकी, "याला चौथा नंबर." ड्रायव्हरजवळ त्याचा उलटा निरोप येई, "चौथा? डोये तपासून घे बे. सातवा बी जास्त होते!" तो म्हणे, नावं वाचता आली पाहिजेत. मी म्हणे, वाचतो कोण, इंग्रजी तुझ्या बापाला येते का? नियम एकच होता, पडद्यावर पाहिलं तेच धरायचं.

मग तो एक आला. काळ्या पाण्यात घड्याळाचे काटे वितळत जायचे आणि त्यातून एकेक नाव वर यायचं... सातही दिवस केबिनच्या भोकाला डोळा लावून उभा होतो. आठव्या दिवशी सकाळी पेटी भरताना कात्री घेतली. तेवढाच तुकडा कापून घरी डब्यात ठेवला आणि रिळाची उरलेली दोन्ही टोकं सोल्युशननं जोडली. जोड असा, की बोटाला लागू नये. चिठ्ठीत लिहिलं, "पहिला नंबर."

शालिकनं रीळ लावलं तर नावंच नाहीत. दुसऱ्याच दिवशी तो पांढुर्ण्याला आला. "काऊन बे, नावं कुठं हायेत?"

"माझ्याकडून पूर्ण गेलं," मी म्हणालो. एवढंच.

प्रिंट सौसरहून कंपनीकडे परत गेली, लांबीला कमी भरली, ठपका शालिकवर आला. त्याची केबिन सुटली. पुढं तो संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामाला लागला. स्टँडवरचे लोक त्याला 'रीळचोर' म्हणून हाक मारत, म्हातारपणापर्यंत. तो मात्र सांगे, "माह्या दोस्तानं पूर्ण धाडलं होतं. रस्त्यात कोनी हात मारला." इकडे डब्यातला तुकडा दोन पावसाळ्यांत चिकटून गोळा झाला. मी फेकून दिला.

टॉकीज बंद झाल्यावरही नवा सिनेमा आला की आम्ही नागपूरला जात असू. नावं संपली की शालिक उठे, "चाल, झालं आपलं काम." त्याची यादी दुसऱ्या नंबरापासून सुरू होई. पहिला रिकामा. "तू पयला म्हनतं तर असन. पन पायल्याबिगर देऊ कसा?" मुलीनं एकदा मोबाईलवर तेच काढून समोर धरलं. यानं मान फिरवली. "डबड्यात नाई. पडद्यावर."

शेवटचा भेटलो तेव्हा तो खाटेवर होता. म्हणाला, "कसं होतं बे ते? सांग न." मी पाणी सांगितलं, काटे सांगितले, अक्षरं सांगितली. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"मंग देऊन टाकू पयला?"

सांगायची वेळ तीच होती... माझी मान ताठ ती ताठच. म्हणालो, "तुझी मर्जी."

"नाई," तो म्हणाला, "ऐकून नाई देत."

मोक्षधामातून आल्यावर मी त्याच्याच घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सौसरच्या स्टँडवर गेलो. त्याला रीळचोर म्हणणारे दोघं म्हातारे हॉटेलात बाकावर बसले होते. उभ्याउभ्याच सांगितलं, "रीळ मी कापलं होतं. शालिकनं नाही."

एकानं डोक्यावरची टोपी काढली. "वा भाऊ! दोस्त मेला तं त्याचा डाग आपल्या अंगावर घेऊन राहिले. असा दोस्त पायजे मानसाले."

मी पुन्हा सांगितलं. कुठून कापलं, जोड कसा मारला, सगळं. दुसऱ्यानं डोळे पुसले, मला हाताला धरून बसवलं आणि आत ओरडला, "भाऊले एक इस्पेशल!"

चहा आला. मी तो प्यालो.