संघप्रियाची चकती

मी आकाराम. शिरोली एमआयडीसीत हंबीरराव मालकांच्या कारखान्यात भट्टी सांभाळतो. आमी फौंड्रीला लागणाऱ्या सिरॅमिकच्या जाळ्या करायचो. वितळलेलं लोखंड त्यातनं गाळलं की कचरा वर राहतो. त्यामुळं गाळायचं म्हंजी काय ते मला कळतं, असं मी छातीठोक सांगायचो. मग दोन हजार चार साली संघप्रिया कांबळे आली आणि माझी बोलती बंद झाली.

पोरगी इचलकरंजीची. बाप यंत्रमागावर कामाला. त्यांच्या गल्लीमागचा वढा रंगकारखान्यांच्या सांडपाण्यानं आज जांभळा तर उद्या हिरवा वाहायचा. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, पण नाद त्या पाण्याचाच. मालकांना म्हणाली, भट्टी वापरू द्या, मी अशी चकती करते की तिच्यातनं पाणी जाईल आणि रंग अडकंल. मालक तोंडाचे फटकळ. कर की, म्हणाले, पण धंद्याचा खोळंबा झाला तर गाशा गुंडाळायचा.

काय तिचं काम सांगू! माणसाच्या एका केसाचे हजार पदर काढा, त्यातल्या एका पदराहून बारीक तिचे कण. पाण्यात सोडले की पाणी दुधाळ दिसायचं, तळाला काय बसायचंच न्हाई. भाजलेल्या चकतीवर त्याचा थर द्यायची, सावकाश वाळवायची, भट्टीत जाळ हळूहळू चढवायची आणि त्याहून हळू उतरवायची. घाई केली की थराला भेगा. डोळ्याला दिसायच्या न्हाईत, पण रंग तिथनं खुशाल पळायचा. दोन वर्सं नुसत्या भेगाच पदरात पडल्या. बाई, भट्टीनं हात टेकले, तुमी कवा टेकणार, असं मी चिडवायचो. हसायची नि परत दुधाळ पाणी कालवायला बसायची.

शेवटी मालकांनी निर्वाणीचं सांगितलं. दसऱ्यानंतर इचलकरंजीच्या एका रंगकारखान्याचा माणूस बघायला येणार. त्याच्यासमोर चकती चालली तर ठीक, न्हाईतर हे काम बंद.

संघप्रियानं सात चकत्या भट्टीत लावल्या. उतरता जाळ चालू झाला तशी ती आईला, तानाबाईला, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला निघाली. दसऱ्याला ते त्यांच्या घरचं दरसालचं. जाताना सगळ्यांना बजावून गेली की मी येईपर्यंत भट्टीचं दार उघडायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं हातोडीपासनं मोटारीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. लेथ पुसली, क्रेनला हार घातला. मालक ताट घेऊन भट्टीफुडं आले. बाहेरनंच लावा, मी म्हणालो, बाईंनी सांगितलंय. तर म्हणतात, लक्ष्मीला काय दारातनं वाटंला लावू व्हय? दोन बोटं दार सरकवलं नि दिवा ओवाळला. गार वारं आत घुसलं आणि आतनं टण्ण टण्ण आवाज आले. मालक पांढरेफटक पडले. माणूस मनानं वाईट न्हाई, पण माझं डोकं असं सणकलं की प्रसाद न घेताच घरी आलो.

संघप्रिया आली तवा सगळं मीच सांगितलं. वाटलं, आता रडंल, न्हाईतर मालकांना फाडून खाईल. तिनं एकेक चकती उचलून बोटानं वाजवली. सहा बद्द वाजल्या. कोपऱ्यातली सातवी तेवढी खणखणली.

रंगकारखान्याचा माणूस आला. तिनं ती चकती नळीत बसवली आणि वढ्याचं काळंजांभळं पाणी पंपानं दाबलं. काय न्हाई. समोरचा चहा गार झाला. मालक भिंतीला टेकून उभे, कुणाकडं बघंनात. मग खाली एक थेंब लोंबकळला, पडला. मागनं दुसरा. निर्मळ. ग्लास भरला तवा त्याच्या पलीकडं मला माझ्या हातावरच्या रेषा दिसल्या. ज्या पाण्यात गुरं तोंड घालत न्हाईत, ते चार बोटांच्या चकतीतनं असं यावं! आयुष्यभर भट्टीजवळ घालवलं, पण असलं काय बघितलं नव्हतं.

मालकांनी ग्लास उचलून थेट तोंडाकडं नेला. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"पिऊ नका, मालक. रंग अडकलाय, पण विरघळलेलं मीठ तसंच आलंय. काम अजून अर्धंच झालंय."

मालकांनी ग्लास दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"मग उरलेलं अर्धं कर," ते म्हणाले. "भट्टी आता तुझी. हितनं फुडं दार उघडायचं झालं तर मी तुला इचारीन."